कॉम्प्युटरच्या जागेवरचा कब्जा

लग्न होऊन मी गेवराईला आले तेव्हा सासरच्या भांड्यांच्या दुकानात दोन जागा राखीव होत्या. एक सासऱ्यांची गादी, आणि दुसरी गादीशेजारचं लाकडी टेबल, ज्यावर माझ्या नवऱ्याचा कॉम्प्युटर ठेवलेला असे. गादीवर सासरे नसले की मांजर बसायचं. टेबलाकडे मात्र मांजरही फिरकत नसे, कारण नवऱ्यानं त्याला एकदा पितळी पळी फेकून मारली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावात केबल आली होती, एसटीडीचे पिवळे बूथ झाले होते, आणि गिऱ्हाइकं स्टीलच्या डब्याऐवजी प्लॅस्टिकचा डबा मागायला लागली होती. सासऱ्यांना त्याचा फार राग यायचा. "प्लॅस्टिकवर नाव कसं घालणार?" असं ते प्रत्येकाला विचारायचे. भांड्यावर नाव घालायचं छोटं मशीन त्यांच्या हातात सदा टर्रर्र करत असायचं. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं आणि सासूबाईंना अव्वा. मीही तेच म्हणायला लागले.

कॉम्प्युटर जुना होता. औरंगाबादच्या एका कारखान्यानं तो मोडीत काढला होता आणि नवऱ्यानं तो एसटीच्या टपावर बांधून आणला होता. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यानं त्याच्यात लिनक्स घातलं. त्या लिनक्समध्ये चित्रं नव्हती, रंग नव्हते, उंदीर म्हणतात तो माउसही नव्हता. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, बस्स. आप्पांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ह्याच्यात पिक्चर न्हाई, गाणं न्हाई. मंग हाय काय ह्याच्यात?"

होती ती मेल. माझी नणंद, ज्यांना आम्ही ताई म्हणतो, मस्कतला असायच्या. त्यांना दिवस गेले होते. रोज सकाळी कॉम्प्युटर दुकानातल्या लाइनवरून औरंगाबादला फोन लावायचा, मोडेम थोडा वेळ किंचाळायचा, आणि ताईंची चिठ्ठी यायची. नवरा ती मोठ्यानं वाचायचा आणि मग दिवस सुरू व्हायचा. फोन दुकानात होता म्हणून कॉम्प्युटरही दुकानातच राहिला.

तो कधी बंद करायचा नाही असा नियम होता. एकदा लाइट गेल्यावर तो बंद पडला तो सुरूच होईना. आतली डिस्क फिरेना. शेवटी नवऱ्यानं सगळा डबा उपडा धरला आणि आप्पांनी रबरी हातोडीनं, पातेल्याचा पोचा काढताना देतात तशी, खालून एक हलकी टक दिली. डिस्क गरगरली. आप्पांना त्याचा अभिमान होता, पण नवऱ्यानं धसका घेतला. त्यानं ट्रकची बॅटरी आणून इन्व्हर्टरला जोडली आणि बजावलं की ह्याला बंद करायचं नाही, रीस्टार्टही करायचं नाही, जवळून जाताना धक्काही लावायचा नाही.

तर मी त्या आठवड्यात माहेरी, चकलांब्याला गेले होते. मंगळवारी सकाळी परत आले, तर दुकानात भलतीच शांतता. आप्पा गादीवर मांडी घालून बसलेले, अव्वा दाराच्या पडद्याआड उभ्या, आणि नवरा स्टुलावर बसून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे असा बघत होता जणू त्यानं त्याचा विश्वासघात केला होता.

"काय झालं?" मी पिशवी खाली ठेवत विचारलं.

"मेल येईना. डिस्क भरली म्हणतोय."

"मग काढा काहीतरी."

"तेच तर. भरायला नको होती. तीनशे मोकळ्या होत्या परवा."

मी औरंगाबादला कॉलेजात कॉम्प्युटर शिकले होते, म्हणून घरात माझ्या शब्दाला ह्या एका बाबतीत वजन होतं. मी स्टूल ओढलं. लिनक्समध्ये जागा बघायचे दोन हुकूम असतात. एक विचारतो, सगळी डिस्क मिळून किती भरली. दुसरा प्रत्येक खण उघडून आतलं मोजतो आणि बेरीज करून देतो. दोन्ही उत्तरं साधारण सारखी यायला हवीत. पहिल्यानं सांगितलं, आठशेच्या आठशे एमबी भरल्या. दुसऱ्यानं सगळे खण मोजून सांगितलं, पाचशे.

"मधले तीनशे कुठं गेले?" मी म्हणाले.

"तेच विचारतोय मी सकाळपासून," नवरा म्हणाला.

आप्पांनी मान वर केली. "काय गेलं?"

"जागा, आप्पा. कॉम्प्युटरमधली जागा सापडत न्हाई."

आप्पांनी वर बोट केलं. "वर माळ्यावर जागा हाय की. बंब सरकवले की लई जागा निघंल. तिथं ठेवा जे ठेवायचं ते."

नवऱ्यानं त्यांना समजावून सांगितलं की ही जागा तशी नसते. आप्पा म्हणाले जागा सगळी सारखीच असते, त्यांनी दुकान वाढवताना बघितलंय. मग त्यांनी चष्मा लावला आणि जवळ येऊन कॉम्प्युटरचा डबा चारी बाजूंनी बघितला.

"पोतं भरलेलं दिसतंय, पण आतलं धान्य मोजावं तर कमी," ते म्हणाले. "असंच ना?"

"असंच."

"मंग उंदीर."

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. आप्पा मात्र उठले, मागच्या खोलीतून उंदराचा पिंजरा घेऊन आले, समोरच्या हॉटेलातून एक कांदाभजं मागवलं, पिंजऱ्यात अडकवलं आणि पिंजरा कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवला. मांजर लांबून हे सगळं पाहत होतं. थोड्या वेळानं ते टेबलावर आलं, पळीची आठवण विसरून पिंजऱ्याभोवती घोटाळायला लागलं, आणि नवऱ्यानं त्याला हाकलायच्या नादात मोडेम खाली पाडला. मोडेम वाचला. भजं मांजरानं नंतर जाळीतून ओढून खाल्लं.

दरम्यान आम्ही जागा मोकळी करायला घेतली. आधी नवऱ्यानं जड मनानं बुद्धिबळाचा खेळ पुसला. तो कॉम्प्युटरशी रोज हरायचा, तरी त्याचा त्या खेळावर जीव होता. पाच एमबी मोकळ्या झाल्या. आम्ही म्हटलं, आधी चहा घेऊ आणि मग औरंगाबादला फोन लावू. चहा घेऊन वर बघितलं तर पुन्हा शून्य.

"तुम्ही काही केलं का?"

"मी कप धरला होता दोन्ही हातांनी," तो म्हणाला.

मग जपानी अक्षरं काढली. गेवराईत जपानी अक्षरांची निकड नव्हती, पण सीडीवर होती म्हणून आली होती. जागा झाली. तेवढ्यात एक बाई कळशीला झाकण बसतंय का बघायला आल्या, त्यांच्याशी बोलेपर्यंत तीही गेली. जणू आत कुणी तोंड उघडून बसलं होतं, आणि आम्ही घास टाकत होतो.

आप्पांना आता उंदराचा कंटाळा आला होता. चोर असावा असं त्यांना वाटायला लागलं. "फोनच्या तारंतून येत असंल कोणी," ते म्हणाले आणि त्यांनी फोनची तार काढून हातात धरली. तार हातात धरून ते कॉम्प्युटरसमोर बसले. "आता पुस काहीतरी. मी बसलोय हितं."

नवऱ्यानं काही इंग्रजी मदतीची पानं पुसली. आप्पा पापणी न हलवता बसले. मी दर थोड्या वेळानं जागा विचारत राहिले. चार मोकळ्या. तीन. दोन. एक.

"कोणी आलं न्हाई," आप्पा म्हणाले, जरा चकित होऊन. "कोणीच आलं न्हाई, तरी गेली."

मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की जागा गेली नव्हती, जात होती. आणि एकदम नाही, सावकाश, एका चालीनं, बारीक धार लावलेल्या नळासारखी. मी काही बोलणार तेवढ्यात आप्पांनी तार परत जोडली आणि लगोलग फोन वाजला.

मस्कतहून ताई होत्या. त्यांच्या मेलला उत्तर आलं नाही, म्हणून त्यांना काळजी वाटली. फोन आप्पांनी उचलला. परदेशाचा फोन म्हटलं की आप्पा असे ओरडायचे की मस्कतला तारेवाचूनही ऐकू जावं.

"ताई, आमी बरे हाव," ते ओरडले. "पण जागा गेली. हां. जागा. सगळी गेली. काल होती, आज न्हाई. न्हाई न्हाई, कोण खातंय ते कळंना. मी सवता राखण बसलोय. तुझा भाऊ? तो रडकुंडीला आलाय. अगं, कागदावर बेरीज येती पण परत्यक्षात..."

तिथं लाइन तुटली. आप्पांनी समाधानानं फोन ठेवला. "सांगितलं तिला सगळं."

अव्वा पडद्यामागून म्हणाल्या, "नीट सांगितलं ना?"

"नीट सांगितलं."

आम्ही पुन्हा कामाला लागलो. पुढं जे झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. फोन तुटल्यावर ताई मस्कतमध्ये डोकं धरून बसल्या. त्यांना एवढंच समजलं होतं की दुकानाची जागा कुणीतरी बळकावली आहे, आप्पा राखणीला बसलेत आणि भाऊ रडतोय. त्यांनी मग आपल्या मामांना, म्हणजे अव्वांच्या धाकट्या भावाला, नांदूरघाटला फोन लावला.

मामा शेतीवाडीचे धनी, पंचायत समितीचे माजी सदस्य, आणि भांडण कुठंही असो, जायला तयार. त्यात त्या दिवशी ते आयतेच जीपमध्ये बसायच्या तयारीत होते. गावातली सहा-सात माणसं घेऊन ते नारायणगडाला दर्शनाला निघत होते. फोन ऐकून ते बाहेर आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "गडाला नंतर. आधी गेवराई."

दुपार उलटून गेल्यावर दुकानासमोर जीप करकचून थांबली. पुढून मामा उतरले, मागून माणसं उतरली. सगळ्यांच्या कपाळाला बुक्का, आणि प्रत्येकाच्या हातात गडावर वाहायला घेतलेला नारळ. तो नारळ त्यांनी असा धरला होता की समोरच्या हॉटेलवाल्यानं आपली खुर्ची आत ओढली.

"कोण बे तो?" मामा पायरीवरूनच गरजले. "कोणी जागा दाबली? फकस्त नाव सांगा दाजी."

आप्पा टर्रर्र करत एका तांब्यावर नाव घालत होते. त्यांनी मशीन थांबवलं. "ये. चहा घे."

"चहा नंतर. तुमी लई सोसता दाजी, म्हणून लोक डोक्यावर बसत्यात. कुठली भिंत सरकवली? मागची का पुढची?"

"भिंत?"

"जागा गेली ना तुमची?"

"गेली की," आप्पा म्हणाले. आणि त्यांनी हात करून कॉम्प्युटर दाखवला.

मामांनी कॉम्प्युटरकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. मग माझ्याकडे. त्यांच्या मागं सात माणसं नारळ घेऊन उभी होती, आणि त्यांच्याही नजरा तशाच फिरल्या. नवरा घाईघाईनं सांगायला लागला, की मामा, तसं नाही, दुकान जागेवर आहे, ही ह्याच्या आतली जागा. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"म्हणजे मी गडाला निघालेली जीप वळवली," मामा हळू आवाजात म्हणाले, "ती ह्या डब्यापाई?"

अव्वांनी पडदा बाजूला केला आणि भावाला म्हणाल्या, "आलास तर आता बस. पोहे टाकते सगळ्यांना." त्यावर मामांचा राग अर्धा उतरला, कारण अव्वांचे पोहे ते कधी नाकारत नसत. माणसं पायरीवर बसली. नारळ ओळीनं काउंटरवर ठेवले गेले, आणि एका गिऱ्हाइकानं ते विकायला आहेत का म्हणून विचारलंसुद्धा.

मामा मात्र गप्प बसायला तयार नव्हते. एवढ्या लांब आले होते, काहीतरी सोडवूनच जायचं असा त्यांचा स्वभाव. ते स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले.

"सांग पोरी. काय हाय हे नेमकं?"

मला जे दिसलं होतं ते मी त्यांना सांगितलं. जागा नुसती गेलेली नाही. आम्ही मोकळी केली की कुणीतरी हळूहळू खातं. आप्पा स्वतः बसून होते, बाहेरून कुणी आलं नाही. म्हणजे खाणारा आतच आहे आणि आत्ता ह्या घटकेला चालू आहे.

"मंग बघ ना आत कोण चालू हाय ते," मामा म्हणाले, जणू हे सांगायची गरजच नव्हती.

खरं तर मी तेच करणार होते. लिनक्सला विचारलं की तो सांगतो, ह्या क्षणी आत कोणकोणते प्रोग्राम चालू आहेत. यादी आली. बरीचशी नावं ओळखीची होती, मोडेमचा प्रोग्राम, मेलचा, घड्याळाचा. खालून दुसऱ्या ओळीत एक छोटंसं नाव होतं. दोनच अक्षरांचं. इंग्रजीत लिहिलेलं 'गा'.

"हे 'गा' काय आहे?" मी नवऱ्याला विचारलं.

नवऱ्याचा चेहरा बदलला. "ते रेकॉर्डिंगचं. मीच केलंय. म्हणजे सीडीवरचा प्रोग्राम घेतला आणि नाव सोपं ठेवलं. 'गा' टाइप करायचं की माइकमधून जे येईल ते डिस्कवर लिहायला लागतो."

"कुणासाठी?"

तो दाराच्या पडद्याकडे बघायला लागला. पडदा हलत नव्हता, पण त्यामागं कढईत पळी फिरायची थांबली होती.

"अव्वा?" तो म्हणाला.

अव्वा बाहेर आल्या. हातात पळी तशीच. "मी पुसलं होतं की रे ते," त्या म्हणाल्या. "तू शिकवलं तसं पुसलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अव्वांचा आवाज चांगला होता, पण त्या घरात गात नसत, फक्त बायकांच्या भजनात गायच्या. ताईंना दिवस गेल्याचं कळल्यापासून त्यांच्या मनात होतं की एक शिवाचं भजन म्हणून तिला पाठवावं. ताई लहानपणी तेच ऐकून झोपायच्या. हे त्यांनी फक्त मुलाला सांगितलं होतं. त्यानं त्यांना तीन गोष्टी घाईघाईत शिकवल्या. 'गा' लिहून रेकॉर्डिंग सुरू कसं करायचं. नकोसं झालं तर पुसायचं कसं. आणि पडदा अक्षरांनी भरून गोंधळ झाला तर दोन बटणं दाबून कोरी पाटी कशी घ्यायची. बंद करायलाही त्यानं दोनच बटणं सांगितली होती, पण ही दोन आणि ती दोन अव्वांच्या लेखी एकच झाली होती.

सोमवारी दुपारी घरात कुणी जागं नाही असं बघून त्या खाली आल्या. नवरा बीडला माल आणायला गेला होता, मी चकलांब्याला, आप्पा वर झोपलेले. त्यांनी 'गा' लिहिलं आणि गायलं. शेवटच्या कडव्याला त्यांना ठसका लागला. लाज वाटून त्यांनी कोरी पाटी घेतली, तिच्यावरून गाणं पुसलं, पडद्याचं बटण बंद केलं, आणि माइक पराती ठेवल्या होत्या त्यामागच्या खिळ्याला अडकवून वर पंचा टाकला.

"म्हणजे तो अजून..." नवरा म्हणाला.

मी उठून परातींमागचा पंचा काढला. माइक तिथंच लोंबत होता.

सगळे माइककडे बघत राहिले. मामांनी नकळत आवाज खाली आणला. "ऐकतंय का ते आत्ता?"

"ऐकतंय."

पायरीवरची माणसं बोलायची थांबली. एक जण जाऊन जीपमध्ये बसला.

मग नवऱ्यानं समजावलं, आणि त्याला स्वतःलाही ते समजावता समजावताच पटत गेलं. कोरी पाटी घेतली तरी मागच्या पाटीवरचं रेकॉर्डिंग चालूच राहतं. अव्वांनी गाण्याचं नाव पुसलं होतं. पण प्रोग्राम ते गाणं हातात धरून बसलेला. कुणी धरून ठेवलेलं लिनक्स फेकून देत नाही, फक्त त्याचं नाव यादीतून काढतं. म्हणून खण मोजले तर ते दिसत नाही, पण जागा अडवून ठेवतं. आणि तो प्रोग्राम असा बेशिस्त लिहिलेला, की डिस्क भरली तरी थांबायचा नाही. जागा मिळाली की लिहायचा, नाही मिळाली की नुसताच ऐकत बसायचा.

"सातबाऱ्यावर नाव न्हाई," मामा म्हणाले, "पण कब्जा हाय."

"अगदी तसंच, मामा."

"मंग एवढं अवघड कावून सांगतो बे? हे तर आमच्याकडं निम्म्या तालुक्यात हाय." त्यांना एकदम बरं वाटायला लागलं. आपण योग्य ठिकाणी आलो अशी त्यांची खात्री पटली. "उठवा कब्जा."

नवऱ्यानं बोटं पुढं केली, कारण तो प्रोग्राम मारला, म्हणजे बंद पाडला, की जागा आपोआप सुटणार होती. मी त्याचा हात धरला. "थांबा. मारला की गाणंही जाईल."

"जाऊ दे," अव्वा म्हणाल्या. "ठसका हाय त्यात."

"जाऊ दे कसं," आप्पा म्हणाले. ते इतका वेळ तांब्याकडे बघत होते. "ताईसाठी गायलंय ना?"

नाव पुसलेलं असलं तरी प्रोग्रामच्या हातातून ते ऐकता येत होतं, म्हणजे दुसरीकडे उतरवून घेता येत होतं. फक्त उतरवायला जागा नव्हती, कारण जागा त्यानंच खाल्ली होती. आम्ही त्याला आधी नुसतं गोठवलं, म्हणजे त्याचं ऐकणं आणि लिहिणं थांबलं, पण हातातलं सुटलं नाही. मग नवऱ्यानं उरलीसुरली इंग्रजी पानं पुसली, त्यातली ज्यांची त्याला स्वतःलाही कधी गरज पडली होती तीसुद्धा. आता मोकळी जागा मोकळीच राहिली. तेवढ्यात सुरुवातीचा दीडेक तास आणि अगदी शेवटचा थोडा भाग मावला. मधला सगळा, म्हणजे सोमवारची संध्याकाळ आणि बंद दुकानाची रात्र, सोडून द्यावा लागला. मग प्रोग्राम मारला. मी जागा विचारली. तीनशेच्या वर मोकळी.

"सुटली," मी म्हणाले. मामांनी पायरीवरच्या माणसांकडे बघून मान हलवली, आणि माणसांनीही ती गंभीरपणे हलवली.

आम्ही दोन छोटे स्पीकर जोडले. आधी खरखर आली, मग अव्वांचा आवाज. "हॅलो. हॅलो. ताई, मी बोलते. तुझी आई." मग गाणं सुरू झालं. दुकानात एक माणूस हलेना. आवाज डब्यातून आल्यासारखा होता, मधूनच एसटीचा हॉर्न, पण गाणं असं लागलं होतं की मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग ठसका. "शी. पुसावं हे." बटणांची टकटक, पंचा टाकल्याचा फस्स आवाज, मागचं दार लागल्याचा आवाज.

"बास, बंद कर," अव्वा म्हणाल्या. पण नवरा बंद करणार तोच स्पीकरमधून कुणीतरी खाकरलं.

मग घागरीवर थाप पडली. एक, दोन, आणि ठेका धरला गेला. आणि एक जाडाभरडा पुरुषी आवाज तेच भजन म्हणायला लागला, तेच कडवं, सूर बराच खाली, एका जागी तर सूर सोडून नुसतेच शब्द. पण म्हणणारा मनापासून म्हणत होता. मध्ये शब्द विसरला तेव्हा त्यानं ती ओळ घागरीवरच वाजवून घेतली.

मामा हळूच वळले. "दाजी?"

"गिऱ्हाईक असंल कोणी," आप्पा म्हणाले. त्यांनी मशीन सुरू केलं, पण तांब्या उलटा धरला होता.

स्पीकरमधला आवाज थांबला आणि स्वतःशीच बोलला, "घागर लई गोड वाजती. ही इकायची न्हाई."

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या त्या तांब्याच्या घागरीकडे बघितलं. कितीतरी गिऱ्हाइकांनी ती मागितली होती, आणि प्रत्येकाला आप्पांनी सांगितलं होतं की तिला पोचा आहे. मामा उठले, घागर उचलली, उजेडात फिरवून बघितली. "पोचा कुठं हाय दाजी?"

लग्नापासून आप्पा अव्वांना म्हणत आले होते की तुझं गाणं म्हणजे परात पडल्यासारखं वाटतं, आणि सोमवारी दुपारी ते वर झोपलेले नव्हते, जिन्यात उभं राहून ऐकत होते. अव्वा पळी घेऊन आत गेल्या. त्या दिवशी आप्पांच्या ताटलीत पोह्यांवर इतकं खोबरं होतं की खाली पोहे आहेत हे शोधावं लागलं.

शेवटचा भागही ऐकला. तो सगळा आमचाच होता, जेव्हा जेव्हा आम्ही जागा मोकळी केली तेव्हाचा. "बुद्धिबळ जाऊ द्या हो." "आप्पा, उंदीर नाही." मांजराचा आवाज, मोडेम पडल्याचा आवाज. आणि शेवटी आप्पांचं फोनवरचं, पहिल्यापासून. "ताई, आमी बरे हाव. पण जागा गेली." मामांनी ते दोनदा लावायला सांगितलं, आणि दुसऱ्यांदा ऐकल्यावर ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"म्हणजे माझा दोष न्हाई," ते डोळे पुसत म्हणाले. "कोणीबी जीप वळवली असती."

संध्याकाळी ते सगळे गडाला गेले. जाताना एक नारळ त्यांनी कॉम्प्युटरसमोर फोडावा असं आप्पांचं म्हणणं होतं, पण पाणी उडेल म्हणून नवऱ्यानं तो बाहेर पायरीवर फोडायला लावला. जीप गेल्यावर मेल आली. ताईंच्या एका मागोमाग बऱ्याच चिठ्ठ्या साचल्या होत्या. पहिलीत त्यांना चिंच खावीशी वाटते असं होतं, आणि शेवटच्या चिठ्ठीत त्यांनी त्यांच्या नवऱ्याच्या ओळखीच्या एका वकिलाचं नाव सुचवलं होतं.

गाणं मेलनं पाठवण्याजोगं नव्हतं, आमच्या मोडेमला ते झेपलं नसतं. टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर धरून आम्ही ते कॅसेटवर घेतलं आणि पोस्टानं पाठवलं. अव्वांची अट होती की ठसका कापायचा. आप्पांची अट होती की घागर कापायची. नवऱ्याला कापता येत नव्हतं, त्यामुळे दोन्ही तसंच मस्कतला गेलं. ताईंचं उत्तर आलं ते असं, की आई, भजन ऐकून फार रडले, आणि नंतर कोण म्हणतं ते कळलं नाही पण त्याला ऐकून फार हसले, डॉक्टरीण म्हणाली एवढं हसू नका. पुढं बाळ झाल्यावर तेही अव्वांच्या आवाजानं नाही, त्या घागरीवाल्याच्या आवाजानं झोपायचं. अव्वांना हे बरेच दिवस पटलं नाही.

मामांनी नांदूरघाटला जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक, पण पुढच्या लग्नसराईत भांडी घ्यायला आलेली माणसं टेबलाशी थांबून विचारायची, "कब्जा उठवला तो हाच का?" आप्पा गादीवरून म्हणायचे, "हाच," आणि एखादं पातेलं पुढं सरकवायचे.

अव्वांना मी बंद करायची बटणं नीट शिकवली. त्याबरोबर तो यादी दाखवणारा हुकूमही त्यांनी शिकून घेतला, आणि तो त्यांना सगळ्यांत आवडला. रोज दुपारी जेवणं आटोपली की त्या पदर खोचून टेबलाशी बसायच्या, एका बोटानं अक्षरं दाबायच्या आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचायच्या. कुणी नवखं नाव दिसलं की जिन्यातून वर हाक यायची, "सूनबाई, हे कोण चालतंय उगं? ठेवायचं का मारायचं?" एकदा त्यांनी मला न विचारताच मेलचा प्रोग्राम मारला. तो काहीच करत नव्हता, नुसता बसला होता, असं त्यांचं म्हणणं होतं.